जकातनाक्याचे धनी

मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या संघीय न्यायालयात एपिक गेम्स आणि ॲपल या दोन कंपन्यांमधील दाव्याची सुनावणी चालू असता, साक्षीसाठी पाचारण केलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एका उपाध्यक्षांना वकिलांनी प्रश्न केला की, एक्सबॉक्स या आपल्या खेळयंत्राच्या विक्रीवर कंपनीला नफा किती होतो. आणि त्यांनी शपथेवर उत्तर दिले की, नफा होत नाही, व आजवर कधीही झालेला नाही. पहिला एक्सबॉक्स बाजारात आला तो २००१ साली. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे जगातील एक अतिधनाढ्य कंपनी यंत्रामागून यंत्र पदरमोड करून विकत होती, आणि तरीही त्या धंद्यात पाय रोवून उभी होती.

हा कबुलीजबाब ऐकणाऱ्याला दिवाळखोरीचा वाटावा असा असला, तरी त्यात या धंद्याचे मर्म साठवलेले आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडून ज्यावर खेळ खेळले जातात त्या यंत्राला कन्सोल म्हणतात, आणि ते यंत्र ग्राहकाच्या घरात एकदा जाऊन बसले की पुढे त्यावर चालणारा प्रत्येक खेळ, मग तो कोणीही रचलेला असो, यंत्राच्या धन्याला काही हिस्सा दिल्यावाचून त्या घरात शिरू शकत नाही. इंटरनेटवरून थेट विकल्या जाणाऱ्या खेळांवर हा हिस्सा साधारणतः किमतीच्या तीस टक्के असतो. आपल्याकडे ज्यांनी महानगरपालिकांचे जकातनाके पाहिले आहेत (मुंबईचे तर २०१७ पर्यंत चालू होते) त्यांना हा हिशेब फोड करून सांगण्याची गरज नाही: नाका बांधण्यास खर्च येतो, तो बांधणारा सोसतो, आणि मग येणाऱ्या प्रत्येक गाडीकडून वसुली करीत बसतो. वृत्तपत्रे ज्या झुंजीचे वर्णन यंत्रायंत्रांतील झुंज म्हणून करतात ती वस्तुतः या नाक्यांच्या धन्यांमधील झुंज आहे. आणि माझ्या मते तिचा निकाल यंत्राच्या गुणावगुणांपेक्षा नाक्यावर गाडी घेऊन येणाऱ्यांनी, म्हणजे खेळ रचणाऱ्या कंपन्यांनी, अधिक वेळा लावलेला आहे.

या व्यवसायात प्रथम गबर झालेल्या अटारी कंपनीजवळ नाकाच नव्हता, कारण आपल्या यंत्रासाठी दुसरा कोणी खेळ रचील ही कल्पनाच तिच्या चालकांना शिवलेली नव्हती. १९७७ साली आलेल्या तिच्या यंत्रावर खेळांची कार्ट्रिजे, म्हणजे आपल्या मुलांच्या भाषेत कॅसेटी, लावता येत, आणि त्यांतील खेळ अटारीचेच पगारी तंत्रज्ञ लिहीत. त्यांचे नाव वेष्टनावर छापले जात नसे आणि विक्रीतला वाटाही त्यांना मिळत नसे. डेव्हिड क्रेन आणि त्याचे तीन सहकारी आपल्या खेळांवर कंपनीने किती कोटी कमावले याचा आकडा हाती लागल्यावर अध्यक्ष रे कॅसार यांच्याकडे गेले. कापडधंद्यातून आलेल्या या गृहस्थांनी, क्रेनच्या सांगण्याप्रमाणे, त्यांची समजूत अशी घातली की, कारखान्यात कॅसेटी जोडणाऱ्या कामगाराहून तुमचे महत्त्व अधिक नाही. चौघेही बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली, जिने अटारीच्या यंत्रासाठी अटारीची परवानगी न घेता खेळ विकण्यास आरंभ केला. अटारीने दावा लावला; १९८२ मध्ये तडजोड झाली. पण बांध एकदा फुटल्यावर त्यातून कोण कोण शिरले याची गणती करणे कठीण आहे. न्याहारीची ओट विकणाऱ्या क्वेकर ओट्स कंपनीनेसुद्धा खेळांचा एक विभाग उघडला होता, यावरून काय ते समजावे.

दुकानांत रद्दड खेळांचे ढीग साचले, भाव कोसळले, आणि ग्राहकाचा चांगल्या खेळावरचाही विश्वास उडाला. अटारीने स्वतः स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’ चित्रपटावरचा खेळ नाताळ गाठण्यासाठी एका माणसाकडून सुमारे पाच आठवड्यांत लिहवून घेतला होता. न खपलेला असा माल १९८३ च्या सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो गावच्या उकिरड्यात पुरण्यात आला, आणि २०१४ साली हौशी लोकांनी तो उकरूनही काढला. अमेरिकेतील सुमारे तीन अब्ज डॉलरांचा हा बाजार १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास येऊन ठेपला.

या पडझडीचा धडा सर्वांत नीट वाचला तो क्योतो शहरातील एका माणसाने. निन्टेंडो ही १८८९ साली स्थापन झालेली पत्ते बनवणारी पिढीजात कंपनी. हिरोशी यामाउची १९४९ मध्ये, विशी नुकतीच ओलांडली असता, तिच्या गादीवर बसले आणि पुढे त्रेपन्न वर्षे त्यांनी एकहाती कारभार केला. अटारी बुडाली ती खेळ कमी पडले म्हणून नव्हे, तर वाटेल त्याला वाटेल ते विकू दिले म्हणून, असे त्यांचे निदान होते. आपल्या फॅमिकॉम या यंत्राचे अमेरिकी रूप १९८५ च्या ऑक्टोबरात त्यांच्या कंपनीने न्यूयॉर्कमध्ये आणले, तेव्हा व्हिडिओ गेम या शब्दाचीच दुकानदारांना धास्ती बसलेली असल्यामुळे यंत्राचे नाव ‘एंटरटेन्मेंट सिस्टिम’ ठेवले, सोबत एक खेळण्यातला यंत्रमानव दिला, कॅसेट व्हीसीआरप्रमाणे पुढून आत सरकवण्याची सोय केली, आणि न खपलेला माल परत घेण्याची हमी दिली. अमेरिकेतील कारभार यामाउचींचे जावई मिनोरू अराकावा पाहत. सासऱ्याच्या हाताखाली काम करणे सुखाचे नव्हते असे सगळ्याच वृत्तांतांवरून दिसते.

त्या यंत्रात एक कुलूप होते. यंत्रातील एक चकती (चिप) आणि कॅसेटमधील तिची जोडीदारीण यांचे संकेत जुळले तरच खेळ सुरू होई. आणि कॅसेटमधील चकती निन्टेंडोवाचून कोणापाशी नव्हती. या एका कुलपाच्या बळावर यामाउचींनी परवान्याच्या ज्या अटी लादल्या त्या पाहण्यासारख्या आहेत. परवानाधारकाने वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढू नयेत. काढलेला खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही यंत्रासाठी देऊ नये. खेळातील मजकूर निन्टेंडोच्या अमलदारांकडून तपासून घ्यावा. कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्यात, त्यांची किमान संख्या मान्य करावी, आणि पैसे आगाऊ भरावेत. खेळ आपटला तर नुकसान परवानाधारकाचे, निन्टेंडोची वसुली मात्र आधीच झालेली. १९८८ मध्ये चकत्यांची टंचाई झाली तेव्हा कोणाला किती कॅसेटी मिळाव्यात याचे वाटपही निन्टेंडोच करीत असे, आणि मागितल्या तितक्या क्वचितच कोणाला मिळत. कोनामी कंपनीने पाच खेळांची मर्यादा चुकवण्यासाठी अल्ट्रा या नावाची दुसरी पेढी काढली. निन्टेंडोने ही पळवाट पाहिली आणि खपवून घेतली, कारण कोनामीचे खेळ खपत होते. सत्तेला आवडते तिथे डोळेझाक करण्याची कला क्योतोतही अवगत होती.

कुलूप फोडण्याचे प्रयत्न झाल्यावाचून राहिले नाहीत. अटारी गेम्स या, जुन्या अटारीच्या वाटणीतून निघालेल्या कंपनीच्या वकिलांनी, न्यायालयीन कामासाठी हवी अशी खोटी सबब सांगून कुलपाच्या संकेताची नक्कल खुद्द अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीतून मिळवली आणि तिच्या आधारे कंपनीने बिनपरवाना कॅसेटी काढल्या. न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवले, आणि त्यात या लबाडीचा वाटा मोठा होता. निन्टेंडोवरही बडगा उगारला गेला: दुकानदारांनी ठरीव किमतीखाली यंत्र विकू नये म्हणून दबाव आणल्याच्या आरोपावरून १९९१ मध्ये सरकारशी तडजोड करताना ग्राहकांना पाच-पाच डॉलरांची कूपने देण्याचे तिने मान्य केले. ती कूपने निन्टेंडोच्याच मालावर खर्च करावयाची होती. दंड भरताना विक्रीही वाढवून घेणारा असा गुन्हेगार विरळा.

जपानातील मूळ फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूप नव्हते, आणि या एका उणिवेमुळे आमच्या देशाचा या इतिहासात चोरपावलांनी प्रवेश झाला. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत घरोघर जो ‘टीव्ही गेम’ आला, ज्याच्या पिवळ्या कॅसेटीवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि आत ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ धरून पंचवीसएक खेळच पुन्हा पुन्हा निघत, तो बहुतांशी फॅमिकॉमची पूर्वेकडून आलेली बिनपरवाना नक्कल होती. महाराष्ट्रातील एक पिढी यामाउचींच्या राज्यात जकात न भरता लहानाची मोठी झाली, आणि तिला निन्टेंडो हे नाव पुष्कळदा फार उशिरा कळले.

निन्टेंडोच्या जाचाने त्रस्त झालेल्या कंपन्यांना दुसरा नाका हवा होता, आणि तो सेगाने बांधला. तिचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र १९८९ मध्ये जेनेसिस या नावाने अमेरिकेत आले. १९९० साली सेगाचे अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी अमेरिकेतील कारभाराची मुखत्यारी टॉम कॅलिन्स्की यांच्या हाती दिली, जे मॅटेल कंपनीत बार्बी बाहुली विकण्यात वाकबगार झालेले होते. यंत्राची किंमत १८९ डॉलरांवरून १४९ वर आणावी, नवा आणि सर्वांत चांगला खेळ ‘सॉनिक’ यंत्राबरोबर फुकट द्यावा, अमेरिकी रुचीचे खेळ अमेरिकेतच रचून घ्यावेत, आणि जाहिरातीत निन्टेंडोचे नाव घेऊन तिची चेष्टा करावी, ही त्यांची मसलत टोकियोच्या संचालकांना अजिबात रुचली नाही. तरीही नाकायामांनी ती मंजूर केली, असे कॅलिन्स्की सांगतात. प्रतिस्पर्ध्याला नाव घेऊन हिणवणे जपानी व्यापाराच्या शिष्टाचारात बसणारे नव्हते, पण अमेरिकेतील पौगंडवयीन मुलांना ते फार भावले. निन्टेंडोचे नवे यंत्र १९९१ च्या ऑगस्टात १९९ डॉलरांना आले, तेव्हा सेगाचे पन्नास डॉलरांनी स्वस्त यंत्र सॉनिकसह फळीवर तयार होते.

किमतीपेक्षाही परिणामकारक ठरली ती गाडीवानांची हालचाल. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने जेनेसिस यंत्र खोलून, त्याची रचना स्वतः उलगडून, बिनपरवाना खेळ काढण्याची सिद्धता केली आणि मग ती गोष्ट सेगाच्या कानावर घातली. सेगाने दावा लावण्याऐवजी सवलतीच्या दरात परवाना दिला आणि अमेरिकी फुटबॉलचा लोकप्रिय खेळ पदरात पाडून घेतला. ॲकोलेड नावाच्या लहानशा कंपनीने तेच केले तेव्हा मात्र सेगाने न्यायालय गाठले आणि १९९२ मध्ये ती अपिलात हरली. निन्टेंडोच्या मक्तेदारीविरुद्ध ओरडणाऱ्या सेगाला स्वतःच्या कुलपाविषयी किती जिव्हाळा होता हे यावरून दिसते.

पुढल्या वर्षी ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या खेळात सेगाने गुप्त संकेताने लाल रक्त दिसू दिले, तर निन्टेंडोने रक्ताच्या जागी करड्या रंगाचा घाम दाखवला, आणि सेगाची आवृत्ती अधिक खपली. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे चौकशी चालू असताना निन्टेंडोच्या प्रतिनिधीने सेगाच्या खेळांतील हिंसेबद्दल हळहळ व्यक्त केली. पुढल्या वर्षी तिच्याच यंत्रावर त्या खेळाचा दुसरा भाग रक्तासह आला.

तिसऱ्या धन्याला या धंद्यात आणण्याचे श्रेय, किंवा दोष, संपूर्णपणे निन्टेंडोचा आहे. सोनीतील केन कुतारागी या अभियंत्याने निन्टेंडोच्या नव्या यंत्रासाठी ध्वनीची चकती बनवून दिली होती, आणि त्या यंत्राला सीडी जोडण्यासंबंधीचा करार दोन्ही कंपन्यांमध्ये झाला होता. १९९१ च्या जून महिन्यात शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ‘प्ले स्टेशन’ या जोडयंत्राची घोषणा केली. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच प्रदर्शनात निन्टेंडोने जाहीर केले की, सीडीसाठी आपण फिलिप्सशी हातमिळवणी केली आहे. करारान्वये सीडीवरील खेळांच्या परवान्यांचा हक्क सोनीकडे जात होता, हे यामाउचींच्या ध्यानी आले होते आणि ते त्यांना कदापि मानवणारे नव्हते. यंत्र कोणाचेही असो, वसुलीचा अधिकार सोडावयाचा नाही, हे त्यांचे ब्रीद. या दृष्टीने त्यांचे कृत्य समजण्यासारखे आहे. परंतु ज्या रीतीने ते केले गेले, भागीदाराला भर बाजारात तोंडघशी पाडून आणि तेही सीडीच्या शोधातील त्याच्याच जुन्या सहकारी कंपनीच्या हाताने, ती रीत मला व्यापारी शहाणपणाची वाटत नाही. सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा हे तरुणपणी संगीतनाटकांचे गायक होण्यासाठी शिकलेले, मानी स्वभावाचे गृहस्थ होते. स्वतःचेच यंत्र बनवण्याची कुतारागींची मागणी कंपनीतील अनेकांच्या विरोधाला न जुमानता त्यांनी मान्य केली, यात हिशेबाबरोबर अपमानाची आगही होती. (फिलिप्सशी झालेल्या सोयरिकीतून शेवटी तिच्या सीडी-आय यंत्रावर निन्टेंडोच्या पात्रांचे काही खेळ निपजले, ज्यांची आजही थट्टा होते.)

प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात आले. सेगाचे सॅटर्न त्याआधी अकराच दिवस निघाले होते. सोनीने नवा नाका उघडताना जकातच कमी ठेवली. कॅसेट बनवण्यास खर्च फार, तयार होऊन येण्यास कित्येक आठवडे, आणि मागणीचा अंदाज चुकला की गोदामात माल पडून; सीडी नाममात्र खर्चात दाबून निघते आणि संपली तर चार दिवसांत पुन्हा काढता येते. खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यावरचा हा धोका सोनीने उतरवला, आणि निन्टेंडोने मात्र १९९६ च्या आपल्या यंत्रातही कॅसेटच कायम ठेवली, कारण कॅसेट म्हणजे नकलेपासून संरक्षण आणि आगाऊ वसुली. त्या यंत्राच्या मोठ्यात मोठ्या कॅसेटमध्ये ६४ मेगाबाइट मावत. एका सीडीत त्याच्या दसपट. निन्टेंडोची वर्षानुवर्षांची निष्ठावंत स्क्वेअर कंपनी उठून सोनीकडे गेली, आणि १९९७ मध्ये तिचा ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी निघाला. यामाउचींच्या साम्राज्याला पडलेले हे खिंडार पुन्हा बुजले नाही. पहिले प्लेस्टेशन दहा कोटींहून अधिक खपले, निन्टेंडोचे यंत्र सव्वातीन कोटींच्या आसपास.

सेगाचा अंत अधिक करुण आहे. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजलिसच्या पहिल्या ई-थ्री प्रदर्शनात कॅलिन्स्कींनी जाहीर केले की, सप्टेंबरात येणारे सॅटर्न आजच, काही निवडक दुकानांत, ३९९ डॉलरांना मिळू लागले आहे. ही घाई टोकियोच्या हुकमाने झालेली होती. खेळ तयार नव्हते, आणि निवडीतून वगळलेल्या दुकानदारांपैकी केबी टॉइज या मोठ्या पेढीने रागाने सेगाचा माल ठेवणेच बंद केले. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. या धंद्यात इतके छोटे आणि इतके परिणामकारक दुसरे भाषण झालेले मला ठाऊक नाही. सेगाने १९९८ मध्ये ड्रीमकास्ट हे खरोखर चांगले यंत्र काढले, पण जिच्या खेळांनी जेनेसिसला तारले होते त्याच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्यासाठी एकही खेळ देण्याचे नाकारले. आणि प्लेस्टेशन २ मध्ये डीव्हीडी चित्रपटही पाहता येत असल्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांचे मन वळवणे मुलांना सोपे गेले. जानेवारी २००१ च्या अखेरीस सेगाने यंत्रे बनवणे थांबवल्याचे जाहीर केले. तिचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःची जवळजवळ ७० कोटी डॉलर मोलाची येणी आणि समभाग कंपनीला देऊन टाकले आणि मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. वर्ष संपण्याच्या आत सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला होता.

रिकाम्या झालेल्या जागी मायक्रोसॉफ्ट आली. तिच्या कारकिर्दीचा तपशील रंजक आहे, पण त्यात नवे डावपेच थोडे. २००७ मध्ये बिघडलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीपोटी तिला एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. २०१३ मध्ये वापरलेल्या खेळांची तबकडी मित्राला देण्यावर तिने बंधने घालू म्हटले, तेव्हा सोनीने एका माणसाने दुसऱ्याच्या हाती तबकडी द्यावी एवढ्याच प्रसंगाची चित्रफीत प्रसिद्ध केली, आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने ते फर्मान मागे घेतले. निन्टेंडोने या तिघांच्या चढाओढीतून २००६ मध्ये वी या स्वस्त यंत्रासह अंग काढून घेतले आणि ते यंत्र नफ्यावर विकले.

अलीकडे मायक्रोसॉफ्टने खेळ रचणाऱ्या कंपन्याच विकत घेण्यास आरंभ केला. जानेवारी २०२२ मध्ये तिने ६८.७ अब्ज डॉलरांना घेण्याचे जाहीर केलेली कंपनी म्हणजे ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड. अटारीतून बाहेर पडलेल्या त्या चौघांच्या कंपनीचा हा वारसा. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा तिचा खेळ प्लेस्टेशनवरून नाहीसा होईल अशी तक्रार सोनीने नियामकांपुढे लावून धरली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने न्यायालयात विरोध केला आणि तो फेटाळला गेला. शेवटी जुलै २०२३ मध्ये सोनीने तो खेळ दहा वर्षे मिळण्याचा करार केला आणि ऑक्टोबरात खरेदीखत पुरे झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ३० एप्रिल २०२४ रोजी, एक्सबॉक्सच्या प्रमुख आकर्षणांपैकी एक असलेला ‘सी ऑफ थीव्ज’ मायक्रोसॉफ्टने स्वतःहून प्लेस्टेशन ५ वर विक्रीस ठेवला. यात शहाणपण किती आणि माघार किती, याचा निर्णय तिच्या रेडमंडच्या कचेरीतही झाला असेल असे वाटत नाही.